व्हेरिकोज व्हेन्स: लेझर नको असेल तर ग्लू, फोम की आणखी काही?

कसबापेठी

नमस्कार मंडळी. आईसाठी विचारतोय. वय ५६, वजन ६२ किलो. पोळी-भाजी केंद्र चालवते, त्यामुळे रोज आठ-नऊ तास शेगडीपुढे उभी असते. उजव्या पोटरीवर नसांचा गुंता झालाय. संध्याकाळी पाय जड होतो, रात्री पोटरीत गोळे येतात. घोट्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी जागा काळपट-तपकिरी झाली आहे आणि तिथे खाज सुटते. जखम मात्र नाही. शुगर नाही, बीपीची एक गोळी चालू आहे, रक्त पातळ करायची गोळी नाही.

डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) रिपोर्टमध्ये एवढंच आहे: उजवी ग्रेट सफेनस व्हेन (पायाच्या आतल्या बाजूची, कातडीखालची मुख्य शीर) जांघेत ८ मिमी, रिफ्लक्स (रक्त उलटं येणं) आहे, डीप व्हेन्स (स्नायूंमधल्या खोल शिरा) नॉर्मल, पोटरीत एक परफोरेटर (वरच्या आणि खोल शिरा जोडणारी शीर) ३.६ मिमी.

पुण्यातच तीन ठिकाणी दाखवलं. एकांनी लेझर किंवा आरएफए (रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर बंद करणं) सांगितलं, दुसऱ्यांनी ग्लू (गोंदाने शीर चिकटवणं), तिसरे म्हणाले फोमची इंजेक्शनं देऊ, दोन वेळा यावं लागेल आणि खर्च कमी येईल. आईला सुयांची भीती आहे आणि ‘आतून नस भाजतात’ हे ऐकून तर तिने लेझरला नकारच दिलाय. उष्णता न वापरता करायच्या पद्धती नेमक्या कोणत्या, आणि तिच्या पायाला त्यातली कुठली बसेल? आणखी एक, आषाढीला माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पुणे चालायचं तिने ठरवलंय. त्या हिशेबाने कधी करावं? मेडिक्लेमबद्दल कोणाला माहिती असेल तर तेही सांगा.

सोनो_टेबल

या रिपोर्टवर ग्लू, फोम, लेझर यातलं काहीच ठरवता येणार नाही. आधी डॉप्लर पुन्हा करून घ्या. पहिल्यांदा आईंना उभं करून तपासलं होतं का, ते सांगा. झोपवून तपासलं तर शिरा रिकाम्या होतात, व्यास कमी भरतो आणि रिफ्लक्स निसटतो किंवा अर्धवट दिसतो.

बरोबर पद्धत अशी. पेशंट उभी, सगळा भार दुसऱ्या पायावर, तपासायचा पाय थोडा बाहेर वळवून सैल सोडलेला. पोटरी हाताने दाबून एकदम सोडायची. दाबल्यावर रक्त वर जातं. सोडल्यावर झडप मिटली तर प्रवाह थांबतो, मिटली नाही तर रक्त उलटं खाली येतं. उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकला तर सफेनस नादुरुस्त. मांडीतल्या आणि गुडघ्यामागच्या डीप व्हेनसाठी ही मर्यादा १ सेकंद धरतात. म्हणून ‘रिफ्लक्स आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, सेकंद लिहून मागा.

रिपोर्टमध्ये आणखी काय हवं ते सांगतो. व्यास जांघेतल्या सांध्याशी (जिथे ही शीर डीप व्हेनला मिळते) नको, कारण तिथे शीर मुळातच फुगीर असते. सांध्याखाली काही सेंटिमीटरवर, मांडीच्या मध्यावर आणि गुडघ्याशी असे तीन व्यास घ्यायचे. रिफ्लक्स कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो. दिसणारा गुंता मुख्य शिरेतून कुठल्या जागी फुटतो. शीर कातडीपासून किती खोल आहे. शीर सरळ आहे की नागमोडी, कारण नागमोडी शिरेत कॅथेटर (उपचाराची बारीक नळी) चढत नाही, फोम मात्र वळणं घेत जातो. जुन्या गुठळीचे पडदे आत आहेत का. स्मॉल सफेनस, म्हणजे पोटरीच्या मागची शीर, आणि मांडीच्या पुढच्या अंगाची ॲक्सेसरी शीरही बघितली पाहिजे. त्या राहून गेल्या की वर्षा-दोन वर्षांनी ‘पुन्हा झालं’ म्हणून लोक येतात. खरं तर ती आधीचीच, न बघितलेली शीर असते.

परफोरेटरचं म्हणाल तर नुसत्या ३.६ मिमीला घाबरू नका. व्यास ३.५ मिमी किंवा जास्त, उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाच्या वर, आणि तो भरलेल्या किंवा उघड्या जखमेखाली, या तिन्ही गोष्टी जमल्या तर त्यावर उपचाराचा विचार होतो.

कसबापेठी

पहिला डॉप्लर झोपवूनच झाला होता, आणि पाच मिनिटांत. तुम्ही लिहिलेलं सगळं कागदावर उतरवून नेलं आणि दुसरीकडे करून घेतला. या वेळी पाऊण तास लागला. आलेलं असं:

ग्रेट सफेनस जांघेखाली ७.२ मिमी, मांडीच्या मध्यावर ६.४, गुडघ्याशी ५.१. रिफ्लक्स २.८ सेकंद, जांघेपासून गुडघ्याखाली ७ सेंमीपर्यंत. तिथून फाटा फुटतो आणि तोच पोटरीवरचा गुंता. मांडीत शीर सरळ, खोली १४ मिमी. गुडघ्याखाली खोली ६ मिमी. परफोरेटरमध्ये उलटा प्रवाह ०.३ सेकंद. स्मॉल सफेनस आणि डीप व्हेन्स ठीक. जुनी गुठळी नाही.

शिरा_सर्जन

आता नकाशा हातात आला. बोलता येईल.

पायातलं रक्त वर ढकलतं ते पोटरीच्या स्नायूंचं आकुंचन, आणि ते खाली घसरू नये म्हणून शिरांत झडपा असतात. आईंच्या जांघेतली झडप मिटत नाही, त्यामुळे उभं राहिलं की जांघेपासून घोट्यापर्यंतच्या रक्ताचं वजन त्या कातडीवर येतं. काळपट डाग म्हणजे केशवाहिन्यांतून झिरपलेल्या रक्तपेशींतलं लोह. शिरांच्या आजाराच्या वर्गवारीत या टप्प्याला सी४ म्हणतात. त्यापुढचे टप्पे जखमेचे, म्हणून हे दिसण्यापुरतं दुखणं समजू नका आणि वर्षानुवर्षं ढकलू नका. जखम झालेल्यांमध्ये लवकर शीर बंद केली तर जखम लवकर भरते, हे २०१८ साली ब्रिटनमधल्या इव्हरा चाचणीत दिसलं: मध्यक (निम्म्या पेशंटांची जखम तेवढ्यात भरली) ५६ दिवस, आधी फक्त पट्ट्या बांधून थांबलेल्यांत ८२ दिवस.

उपचार कुठलाही घ्या, काम एकच आहे. बिघडलेली मुख्य शीर आतून बंद करायची. त्या शिरेची पायाला गरज उरलेली नसते, रक्त वर नेण्याचं बहुतेक काम डीप व्हेन्स करतात आणि त्या शाबूत आहेत. हे आईंना आधी समजावा, कारण ‘नस बंद केली तर पाय निकामी होईल’ ही भीती घरोघरी असते.

लेझर-आरएफएवर एक परिच्छेद लिहितो, कारण तुलना केल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत आणि युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेतही पहिली पसंती उष्णतेच्या पद्धतीलाच आहे, कारण लांब पल्ल्याचा अनुभव त्यांचा जास्त आहे. आरएफएचं टोक १२० अंशांवर जातं, पण शिरेभोवती सलाइनमध्ये मिसळलेली भूल भरलेली असते, दर सेंटिमीटरला साधारण १० मिली. त्या पाण्याच्या कवचामुळे कातडी आणि नर्व्ह वाचते. ‘भाजण्याची’ भीती म्हणूनच फारशी खरी नाही. सुयांची भीती मात्र खरी आहे. ते पाणी भरायला मांडीभर बरेच टोचे लागतात आणि पेशंटना सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. गुडघ्याखाली सफेनस नर्व्ह शिरेला चिकटून जाते, तिथे उष्णतेने बधिरपणा राहू शकतो. उष्णता नसलेल्या पद्धतींचं बळ या दोन जागी आहे: टोचे कमी, आणि नर्व्हला धोका जवळजवळ नाही.

ग्लू. हे एन-ब्युटाइल सायनोॲक्रिलेट. रक्त लागलं की घट्ट होतं आणि शिरेच्या भिंती एकमेकींना चिकटतात. जास्त वापरात असलेल्या व्हेनासील पद्धतीत असं करतात. गुडघ्याशी किंवा त्याखाली एक टोचा, तिथे भूल. सोनोग्राफीखाली कॅथेटर वर नेऊन टोक जांघेच्या सांध्याच्या ५ सेंमी अलीकडे ठेवतात. सांध्यावर सोनोग्राफीचा प्रोब दाबून धरतात, म्हणजे ग्लू डीप व्हेनकडे सरकत नाही. पिस्तुलासारख्या हँडलचा खटका ३ सेकंद दाबला की ०.१ मिली थेंब पडतो. एक थेंब, १ सेंमी मागे, दुसरा थेंब, ३ सेंमी मागे, आणि मग बाहेरून ३ मिनिटं दाब. पुढे दर ३ सेंमीला एक थेंब आणि ३० सेकंद दाब. आईंच्या पायात बंद करायची लांबी ३६ सेंमीच्या आसपास धरली तर सुरुवातीचे २ आणि पुढचे १२, म्हणजे १४ थेंब, १.४ मिली. एवढ्याने काम होतं. वेळ जास्त जातो तो मोजमापाला आणि दाबून धरायला.

बिघडतं कुठे? टोक ५ सेंमीऐवजी जवळ राहिलं किंवा प्रोबचा दाब सैल पडला तर ग्लूची शेपटी डीप व्हेनमध्ये डोकावते. बाहेर येताना कॅथेटरचं टोक आधी शीथमध्ये (बाहेरच्या नळीत) ओढून मग दोन्ही एकत्र काढायचे असतात. तसं केलं नाही तर टोकाचा थेंब कातडीखाली पडतो आणि महिन्यांनी तिथे गाठ येते. शीर कातडीच्या अगदी जवळ असली तर दोरीसारखी हाताला लागते आणि वर तपकिरी रेघ उमटते, म्हणून १४ मिमी खोली तुमच्या फायद्याची आहे.

ग्लूची खास तक्रार म्हणजे काही दिवसांनी, बहुतेकदा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, मांडीवर लाल, खाजरा, दुखरा पट्टा उठणं. ही शरीराची ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया असते. जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक दिलं जातं आणि उपयोग होत नाही. लागतात ती ॲलर्जीची गोळी आणि सूज उतरवणारी गोळी, फार झालं तर थोडे दिवस स्टेरॉइड. क्वचित कुणाला ती प्रतिक्रिया महिनोन् महिने चालते आणि शीर कापून काढावी लागते. कारण साधं आहे, ग्लू कायम आत राहतो, परत काढता येत नाही. सही करण्याआधी हे वाक्य पेशंटच्या कानावर पडलंच पाहिजे.

टिकाऊपणा चांगला आहे. व्हीक्लोज चाचणीत २२२ पेशंट होते, शिरेचा व्यास ३ ते १२ मिमी. तीन वर्षांनी ग्लू गटात ९४.४ टक्के आणि आरएफए गटात ९१.९ टक्के शिरा बंद होत्या. म्हणजे निदान तितकंच चांगलं.

फोम. औषध पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट. ते शिरेचं आतलं अस्तर मारतं. द्रवरूपात दिलं तर मोठ्या शिरेत रक्तात मिसळून पातळ होतं आणि रक्तातली प्रथिनं त्याला निष्प्रभ करतात. फेस मात्र रक्ताला पुढे ढकलून भिंतीला टेकतो. दोन सिरिंज, मध्ये तीन तोंडांची चावी, एक भाग औषध आणि चार भाग हवा, वीसेक वेळा इकडून तिकडे. याला टेसारी पद्धत म्हणतात. २ मिली औषधाचा १० मिली फेस होतो, आणि एका बैठकीत १० मिलीपेक्षा जास्त फेस देऊ नये असा युरोपातला संकेत आहे. पॉलिडोकॅनॉलची दिवसाची मर्यादा किलोमागे २ मिग्रॅ. ६२ किलोला १२४ मिग्रॅ. ३ टक्क्यांचं २ मिली म्हणजे ६० मिग्रॅ, त्यामुळे आईंच्या बाबतीत औषधाची मर्यादा लांब आहे, फेसाची आधी येते.

फेस दोन-तीन मिनिटांत फुटायला लागतो. आधी करून ट्रेमध्ये ठेवलेला फेस म्हणजे वाया गेलेलं औषध. फार बारीक सुईतून ढकलला तरी बुडबुडे मोडतात, २५ गेजपेक्षा बारीक सुई नको. दिल्यावर पाय वर उचलून ठेवतात, शीर रिकामी असली की अडकणारं रक्त कमी. त्यानंतर पट्टा आणि स्टॉकिंग (पायावर दाब देणारा घट्ट लांब मोजा) हवंच.

फोममध्ये काय होतं: कडक गाठी, त्यावर तपकिरी डाग, जो उतरायला महिने, कधी वर्ष लागतं. आठ-पंधरा दिवसांनी गाठीतलं अडकलेलं काळं रक्त सुईने काढलं तर दुखणं आणि डाग दोन्ही कमी होतात. हे पुष्कळ ठिकाणी केलं जात नाही, तुम्ही मागा. क्वचित डोळ्यांपुढे चमक, अर्धशिशी, खोकला येतो, बहुधा थोड्या वेळात जातो. आईंना अर्धशिशीचा त्रास असेल किंवा हृदयाच्या पडद्याला छिद्र असल्याचं माहीत असेल तर आधी सांगा. सगळ्यात गंभीर चूक म्हणजे धमनीत इंजेक्शन जाणं, त्याने कातडी मरते. म्हणून सुई सोनोग्राफीत दिसल्याशिवाय फोम देऊ नये.

माझं मत स्पष्ट आहे. ७ मिमीच्या मुख्य शिरेसाठी एकटा फोम ही पहिली निवड नाही. मोठ्या व्यासात शीर पुन्हा उघडण्याचं प्रमाण जास्त असतं. ब्रिटनमधल्या क्लास चाचणीत पाच वर्षांनीही आजाराशी निगडित जीवनमान फोमपेक्षा लेझर आणि शस्त्रक्रियेनंतर चांगलं होतं. फोम स्वस्त पडतो हे खरं, पण तीन बैठका आणि नंतर पुन्हा ग्लू किंवा लेझर असा हिशेब झाला तर तो स्वस्त राहत नाही. पोटरीवरच्या वळणावळणांच्या फाट्यांसाठी मात्र फोम उत्तम.

मोका. यात कॅथेटरमधली तार मिनिटाला ३५०० फेऱ्यांनी फिरून अस्तर खरवडते आणि त्याच वेळी द्रव औषध सोडलं जातं. टोक सांध्यापासून २ सेंमीवर, मागे ओढण्याचा वेग सेकंदाला १ ते २ मिमी. घाईने ओढलं की शीर नीट बंद होत नाही, आणि तार कधी झडपेत अडकते. आत काही उरत नाही हा फायदा, पण आरएफएच्या तुलनेत शीर पुन्हा उघडण्याचं प्रमाण जास्त दिसलंय. ग्लूची ॲलर्जी आणि टोच्यांची भीती दोन्ही असतील तर विचारात घ्यावी अशी पद्धत.

आईंच्या नकाशावर मी असं म्हणेन: मुख्य शीर ग्लूने किंवा आरएफएने, आणि पोटरीचा गुंता फोमने किंवा २-३ मिमीच्या छेदांतून हुकने काढून. गुंता त्याच दिवशी करायचा की सहा आठवडे थांबून, हे विचारा. मुख्य शीर बंद झाल्यावर गुंता बराच बसतो, आणि मग कमी फोममध्ये भागतं. ‘ग्लू केला पण नसा दिसतातच’ अशी तक्रार असते तिथे बहुतेक वेळा हा दुसरा भाग सांगितलेलाच नसतो.

कसबापेठी

मनापासून आभार, इतकं सविस्तर तिन्ही ठिकाणी कोणी बोललं नव्हतं. एक शंका. आईला टिकलीच्या गोंदाने कपाळावर चट्टा उठतो, म्हणून ती हल्ली कुंकूच लावते. मग ग्लू चालेल का?

शिरा_सर्जन

हे सांगितलंत ते फार बरं केलंत. टिकलीच्या गोंदात बहुतेक वेळा त्रास देणारा पदार्थ पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल, ज्याने कपाळावर खाज आणि पांढरा डागही पडतो. तो सायनोॲक्रिलेट नव्हे. त्यामुळे टिकलीची ॲलर्जी म्हणजे ग्लूची ॲलर्जी असा सरळ अर्थ निघत नाही.

पण पुढचे प्रश्न विचारा. फेविक्विक बोटाला लागल्यावर पुरळ आलं होतं का? तेही सायनोॲक्रिलेटच आहे, फक्त इथाइल जातीचं. कृत्रिम नखं किंवा पापण्या लावल्यावर खाज, जखमेवर टाक्यांऐवजी ग्लू लावल्यावर लाली, असं काही? यातल्या एकालाही हो आलं तर ग्लू बाद. सगळ्यांना नाही असेल तरी आईंची कातडी चिडणारी आहे, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडून ॲक्रिलेटची पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि पुन्हा ७२ ते ९६ तासांनी बघतात. निकाल निगेटिव्ह आला म्हणजे धोका शून्य झाला असं नाही, शिरेतला ग्लू कायमचा असतो आणि ॲलर्जी नंतरही जागी होऊ शकते.

पॉझिटिव्ह आली तर मी आरएफए सुचवेन. सुयांच्या भीतीवर हलकं गुंगीचं औषध देता येतं, त्यासाठी पूर्ण भूल लागत नाही. हे भूलतज्ज्ञांशी आधी बोलून ठेवा.

वॉर्ड_ताई

उपचार होईपर्यंत आणि नंतरही स्टॉकिंग लागणार, त्याबद्दल लिहिते. दुकानात जाऊन ‘एल साइज द्या’ असं करू नका. माप सकाळी उठल्या उठल्या, सूज यायच्या आत घ्यायचं. घोट्याचा सगळ्यात बारीक घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर, आणि टाचेपासून गुडघ्याच्या खालपर्यंतची लांबी. मांडीपर्यंतचं घेणार असाल तर मांडीचा घेरही. क्लास २ म्हणजे घोट्याला २३ ते ३२ मिमी पारा एवढा दाब. घेण्याआधी पावलावरची नाडी डॉक्टरांनी बघितलेली असावी. धमन्या अरुंद असलेल्या पायावर घट्ट स्टॉकिंग घातलं तर पायाचं नुकसान होतं.

घालताना भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, म्हणजे पकड मिळते आणि नखाने धागा ओढला जात नाही. स्टॉकिंग टाचेपर्यंत उलटं करून पाऊल आत, टाच बरोबर टाचेच्या जागी, मग तळहाताने वर सारायचं. वरचा काठ कधीही दुमडू नका. दुमडला की तिथे दोरी बांधल्यासारखा दाब येतो आणि सूज वाढते. रात्री काढायचं. रोज वापरलं तर साधारण सहा महिन्यांत ताण जातो. क्रेप बँडेज घरी बांधू नका, ते तासाभरात घसरतं आणि दाब खाली कमी, वर जास्त असा उलटा होतो.

पुण्याच्या एप्रिल-मे मध्ये, त्यातून शेगडीपुढे, स्टॉकिंग घालून उभं राहणं अवघड आहे. म्हणूनच शक्य असेल तर उपचाराची तारीख उन्हाळ्याच्या आधी घ्या. फोमनंतर ते घालावंच लागतं. ग्लूनंतर मुख्य शिरेसाठी बहुधा लागत नाही, गुंता काढला असेल तर काही दिवस लागतं.

कामाच्या जागी: एक उंच स्टूल ठेवा, पोळ्या लाटताना त्यावर टेकून बसता येतं. दर तासाला वीस वेळा टाचा उचलून खाली. दुपारी पंधरा मिनिटं आडवं पडून पाय छातीपेक्षा वर, दोन उशा पुरतात. डायोस्मिनच्या गोळ्या जडपणा आणि सूज कमी करतात, झडप दुरुस्त करत नाहीत. तेल लावून जोरात चोळू नका, शीर फुगलेल्या जागी तर नाहीच.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना शिकवा. घोट्याजवळची पातळ कातडी खाजवून किंवा ठेच लागून फुटली तर फुगलेल्या शिरेतून धार लागते, दुखत नाही म्हणून कळतही नाही, आणि फरशीवर रक्त बघून माणसं घाबरून उभीच राहतात. लगेच आडवं झोपवायचं, पाय वर, स्वच्छ फडक्याने जागेवर थेट घट्ट दाब, दहा मिनिटं न उचलता. वर मांडीला फडकं आवळायचं नाही, त्याने रक्त वाढतं. थांबलं तरी त्याच दिवशी दाखवायचं.

उपचारानंतर पोटरी अचानक सुजून टणक झाली, एका पायाची सूज वाढत गेली, किंवा धाप लागली, छातीत दुखलं तर रात्री-अपरात्री इमर्जन्सीला जायचं. सकाळची वाट बघायची नाही.

पॉलिसी_टेबल

मेडिक्लेमचं थोडक्यात. बऱ्याच पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्सला ठरावीक प्रतीक्षाकाळ असतो. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत तो २४ महिने आहे, आणि ‘व्हेरिकोज व्हेन्स व व्हेरिकोज अल्सर’ असं नाव घेऊन लिहिलेलं आहे. आधीपासूनचा आजार म्हणून धरलं तर विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार कमाल ३६ महिने. पॉलिसीची पहिली तारीख बघा, नूतनीकरणाची नाही.

डे-केअरमध्ये होतं, २४ तास दाखल राहण्याची अट अडत नाही. अडतं ते दोन ठिकाणी. एक, ‘सौंदर्यासाठी केलं’ असा शेरा. त्यावर उपाय म्हणजे कागदावर सी४ लिहिलेलं, काळपट डागाचा फोटो, रिफ्लक्सचे सेकंद आणि स्टॉकिंग किती दिवस वापरून फरक पडला नाही याची नोंद. दुसरं, ग्लूचं किट. ते एकदाच वापरायचं आणि महाग असतं, काही कंपन्या त्यावर मर्यादा घालतात. पूर्वमंजुरीत पद्धतीचं नाव आणि किटची किंमत वेगळी लिहून मागा. मंजुरी आरएफएची आणि केलं ग्लू, असं झालं तर फरक खिशातून जातो. पोटरीचा फोम नंतर वेगळ्या दिवशी होणार असेल तर त्याची मंजुरीही वेगळी.

कसबापेठी

फेविक्विक, कृत्रिम नखं वगैरे विचारलं, सगळ्याला नाही आलं. तरी पॅच टेस्ट करून घेणार आहोत. राहिला प्रश्न पालखीचा.

शिरा_सर्जन

ग्लू किंवा आरएफएनंतर त्याच दिवशी चालायचं असतंच, उलट पडून राहणं वाईट. पण घरात-गल्लीत चालणं वेगळं आणि गर्दीत दिवसभर चालणं, उभं राहणं वेगळं. ग्लूचा लाल पट्टा उठला तर तो पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, आणि फोमच्या गाठी काही आठवडे दुखतात. म्हणून मुख्य शीर पालखीच्या निदान दोन महिने आधी करा. त्यानंतर सहा आठवड्यांनी उरलेला गुंता बघून थोडा फोम लागला तरी तो पालखीनंतर द्यायचा, मध्ये नाही. पहिला डॉप्लर आठवड्याभरात हवा, जांघेच्या सांध्याशी ग्लू किंवा गुठळी पुढे सरकलेली नाही ना ते बघायला.

दोन महिने उरले नसतील तर आधी पालखी, मग उपचार. महिना-दोन महिन्यांनी या पायात मोठा फरक पडणार नाही. क्लास २ स्टॉकिंग घालून आळंदी ते पुणे चालू द्या, सोबत एक जोड कोरडा ठेवा, पावसात भिजलेलं स्टॉकिंग कातडी सोलतं. पुण्यात पालखीचा दोन दिवस मुक्काम असतो, तेवढ्यात पाय वर करून विश्रांती मिळेल. दिवे घाटाचा मोह या वर्षी आवरलेला बरा.

पॅच टेस्टचा ९६ तासांचा निकाल आला की इथे टाका, मग पोटरीच्या गुंत्यासाठी फोम की हुक ते बोलू.